सूचनाकाकांची सायकल

जिमच्या पार्किंगला राखणदार असतो, हे एरवी कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण या जिमच्या राखणदाराकडे दुर्लक्ष करायची सोयच नव्हती. गाडीतून पाय खाली टेकतो न टेकतो तोच स्वारी समोर हजर. "काच पूर्ण वर घ्या. बॅग सीटवर नको, डिकीत. आणि डिकीत टाकायची तर घरूनच टाकून आणा हो, इथं सगळ्यांदेखत टाकून काय उपयोग?" एवढं ऐकून माणूस आत जायचा तो व्यायामाआधीच दमलेला. म्हणून त्यांचं नाव पडलं सूचनाकाका. खरं नाव होतं, पण ते विचारतो कोण?

अंगकाठी अशी, की खाकी शर्ट खांद्यावर टांगल्यासारखा दिसावा. गळ्यात शिट्टी, कमरेला टॉर्च. चोर आलाच तर काका त्याला धरणार कसे, हा प्रश्न बघणाऱ्याला पडायचाच. आतले वजनं उचलणारे जवान चेष्टा करायचे, "काका, चोर आला तर फक्त हाक मारा. आम्ही आहोत."

"तुम्ही कानात ते बोळे घालून जागच्या जागी पळत असता," काका म्हणायचे. "माझी हाक ऐकायला चोरालाच आत पाठवावं लागेल."

पण त्यांचा खरा जीव अडकायचा तो संध्याकाळच्या बायकांच्या बॅचमध्ये. इमारतीच्या पुढे गाड्यांना जागा थोडी. बाकीच्या सगळ्या मागे, मीटरच्या खोलीपलीकडे, झाडांखाली. तिथं एकच दिवा, तोही मनात आलं तर लागायचा. बॅच सुटायची तेव्हा काळोख पडलेला असे. मग काका टॉर्च घेऊन दारात उभे राहायचे आणि एकेकीला गाडीपर्यंत सोडायचे. चालता चालता तोंड सुरूच. "चावी पर्समध्ये शोधत उभ्या राहू नका, दारातच हातात घ्या. मोबाईल आत ठेवा. मागच्या सीटवर नजर टाका, मग बसा. बसलात की आधी लॉक, केस नंतर सारखे करा." आणि गाडी सुरू झाली की काचेवर टकटक करून शेवटची सूचना, "घरी पोचलात की मिस्ड कॉल द्या."

सुरुवातीला बायका हसल्या. सख्खा बाप विचारत नाही एवढं हे विचारतात, असं म्हणाल्या. पण हळूहळू सवय लागली. काकांची पाळी संपून ते घरी हातपाय धुवत असायचे, तोवर फोन एकदा वाजून बंद पडायचा. पुन्हा वाजायचा, पुन्हा बंद. शेवटचा आल्याशिवाय काका ताटावर बसत नसत.

"दुसरी एखादी असती ना," काकू म्हणायच्या, "तर या मिस्ड कॉलवरून घर डोक्यावर घेतलं असतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला नाही कधी दिलात एक!"

"तू कुठं हरवतेस?" काका म्हणायचे.

या बायकांमध्ये एक दातांची डॉक्टरीण होती. मनानं लाख, पण विसराळूपणात पहिला नंबर. जिममध्ये बॅगा ठेवायला लॉकर होते, कुलूप मात्र ज्याचं त्यानं आणायचं. ही बाई आठवड्यातून चार वेळा कुलूप घरी विसरून यायची आणि बॅग खुशाल बाकावर टाकायची. काकांना ते बघवत नसे. ते तडक मागे जायचे, स्वतःच्या सायकलचं कुलूप काढून आणायचे आणि तिच्या हातात द्यायचे.

"पेशंटच्या तोंडात कापूस नाही ना विसरत, डॉक्टरबाई?"

"अजून तरी कोणाची तक्रार नाही, काका!"

म्हणजे त्या दिवशी काकांची सायकल बिनकुलपाची. मीटरच्या खोलीमागे, तारेच्या कुंपणाला टेकून उभी. ही काकांच्या तरुणपणातली सायकल. हिच्याच कॅरिअरवर बसून काकू माहेरी गेल्या होत्या, दवाखान्यात गेल्या होत्या, एकदा भांडून निघाल्या तेव्हा परतही हिच्यावरूनच आल्या होत्या. जगाला कुलपं लावायला सांगणारा हा माणूस स्वतःच्या सायकलबद्दल म्हणायचा, "राखणदाराची सायकल कोण चोरतंय?" आता याला काय म्हणावं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तर झालं असं, की मध्यंतरी पार्किंगमध्ये खरोखरच चोरी झाली. व्यायामाच्या कपड्यांना खिसे नसतात, म्हणून सगळे गाडीची चावी काउंटरवरच्या टोपलीत टाकून आत जायचे. काकांनी त्या टोपलीवरून बरीच कटकट केली होती, पण ऐकतंय कोण. कोणीतरी एक दिवस 'जिम बघायला आलोय' म्हणून आला, टोपलीतली एक चावी उचलली, बाहेर येऊन बटण दाबलं. जी गाडी लुकलुकली तिच्यातली बॅग घेतली आणि चावी परत टोपलीत ठेवून सभ्य माणसासारखा निघून गेला. काकांनी त्याला जाताना गेट उघडून दिलं होतं, हे त्यांना फार लागलं.

टोपली काउंटरच्या आत गेली. पण मालकांचं डोकं फिरलं ते फिरलंच. मॅनेजरनं काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "काका, यापुढे या आवारात एक जरी चोरी झाली, तरी राखणदार बंद. गेटला आपोआप उघडणारा दांडा बसवणार आणि वर कॅमेरे. मालकांचा शब्द आहे. माझ्या हातात काही नाही."

मॅनेजर मुलगा वाईट नव्हता. सांगताना त्याची मान खाली होती. काकांना मात्र पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. या वयात नवी नोकरी देणार कोण? काकूंच्या गुडघ्यांनी शिवणाचं मशीन कधीच सोडलं होतं. घर चालत होतं ते या शिट्टीवर.

तरीही त्या संध्याकाळी त्यांनी बायकांना दारातच थांबवून सांगितलं, "हे बघा, काही गेलं तर लपवू नका. रुमाल गेला तरी सांगा. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

आणि मग ती संध्याकाळ आली. डॉक्टरीण कुलूप विसरली, काकांनी आपलं दिलं. बॅच सुटली, तिनं कुलूप परत केलं, काकांनी तिला मागच्या कोपऱ्यात तिच्या गाडीत बसवलं, बाकीच्यांना बसवलं. सगळं सामसूम झाल्यावर ते सायकल घ्यायला मीटरच्या खोलीमागे गेले. सायकल नव्हती.

काकांनी उगीचच टॉर्च इकडेतिकडे फिरवला, जणू ती शेळी होती आणि चरत पुढे गेली असेल. मग उजेड कुंपणावर पडला. तार पक्कडीनं कापलेली होती, खालपासून वरपर्यंत, आणि पडद्यासारखी बाजूला दुमडून ठेवलेली. माणूस आरामात आत येईल आणि सायकल घेऊन आरामात बाहेर जाईल एवढी वाट. तिथून डॉक्टरणीची गाडी उभी होती ती जागा हाकेच्या अंतरावरसुद्धा नाही, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. काका कुलूप हातात घेऊन बराच वेळ तिथं उभे राहिले.

घरी ते चालत गेले. वाटेत फोन वाजून वाजून बंद पडत होता. डॉक्टरणीचा नेहमीप्रमाणे आला नाही, म्हणून काकांनी स्वतःच लावला.

"अय्या काका, विसरलेच! पोचले हो कधीची."

"बरं," काका म्हणाले. सायकलचा विषय काढला नाही.

काकूंना सांगावं लागलं नाही. दारात सायकलचा खडखडाट झाला नाही आणि नवऱ्याच्या हातात नुसतं कुलूप. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, सायकल तुमची, कुलूप तुमचं, राखण तुमची. तक्रार करणारे तुम्ही आणि ज्याच्याविरुद्ध करायची तेही तुम्हीच. कोणाला कळणारेय? चालत जात जा चार दिवस."

"तार कापलीये गं."

"तार काय, वाऱ्यानंही तुटते."

"पक्कडीनं कापलीये. आज कोणी बघितलं नाही म्हणून उद्या पुन्हा येणार. उद्या सायकल नसणार तिथं. बायका असतील."

काकू चिडून म्हणाल्या, "म्हणजे जाऊन सांगणार तुम्ही. हात दाखवून अवलक्षण! तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं." आणि ते धुपाटणं, म्हणजे कुलूप, त्यांनी काकांच्या हातातून घेऊन खिळ्याला अडकवलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. काकांना ते दिसलं आणि त्यांना घास गेला नाही. भीती वाटत होती त्यांना, खोटं कशाला सांगायचं. रात्रभर सांगू नको सांगू नको असं मन म्हणत होतं.

सकाळी ते मॅनेजरच्या टेबलासमोर उभे राहिले. "साहेब, चोरी झाली."

मॅनेजर ताडकन उठला. "कोणाची? काय गेलं?"

"माझीच. सायकल."

मॅनेजर पुन्हा खाली बसला. एकदा काचेबाहेर बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, मेंबरची वस्तू तर नाही ना गेली? मग मी काही ऐकलं नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत. चहा घ्या."

"आणि कुंपण?"

"बघू हळूहळू. दुरुस्त करायचं तर मालकांना कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की..." त्यानं चहाचा कप काकांकडे सरकवला. मनानं चांगलाच होता तो. काकांना वाचवायलाच बघत होता.

काकांना त्या क्षणी तो चहा घ्यावासा फार वाटला. कोणी वाटेतला धोंडा आयता उचलून बाजूला ठेवत होतं. पण संध्याकाळी त्याच कोपऱ्यात गाड्या लागणार होत्या. आज कोपऱ्यात लावू नका म्हटलं तर बायका 'का?' म्हणून विचारणार होत्या. आणि ज्या माणसानं त्यांना रुमाल गेला तरी सांगा म्हणून बजावलं, त्यानं काय सांगायचं? वाऱ्यानं तार तुटली?

"मालकांना कारण सांगा साहेब," काका म्हणाले. "आणि काउंटरवरच्या फळ्यावर लिहायला ती खडूची कांडी द्या जरा."

काकांचं अक्षर काही सुंदर नव्हतं. फळ्यावर वाकडंतिकडं उमटलं: 'काल संध्याकाळी मागच्या कोपऱ्यातून सायकल चोरीला गेली. कुंपण कापलेलं आहे. मागे कोणी गाडी लावू नये.' खाली नेहमीची सूचना घालायचाही मोह त्यांना आवरला नाही: 'चावी हातात ठेवावी.'

संध्याकाळी डॉक्टरीण फळ्यापुढे उभी राहिली. वाचलं, वळली, दारात आली.

"काका, कोणाची सायकल?"

काका टॉर्चचं बटण उगाच दाबत राहिले.

"काल तुमचं कुलूप माझ्या लॉकरला होतं," ती म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला. "माझ्यामुळे गेली."

"छे हो. चोरामुळे गेली. चोराचं श्रेय तुम्ही कशाला घेता?"

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः मालकांकडे जाऊन भांडून आली. पण मालक शब्दाचे पक्के, नको तिथं पक्के. त्या आठवड्यातच कुंपण नवं झालं, कोपऱ्यात डोळे दिपवणारा दिवा आला, खांबांवर कॅमेरे चढले, गेटला दांडा लागला. काकांना हवं होतं ते कुंपण मिळालं, उजेड मिळाला, फक्त ते बघायला काका राहणार नव्हते. शेवटच्या दिवशी त्यांनी शिट्टी आणि टॉर्च मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. मॅनेजरनं शिट्टी परत त्यांच्या हातात दिली. "ही असू द्या," म्हणाला. मग गेटपर्यंत सोडायला आला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी काका पहिल्यांदाच संध्याकाळचे घरी होते. काय करावं सुचेना. काकूंच्या कामात लुडबुड करून झाली, गॅसचं बटण बंद आहे का ते दोनदा बघून झालं, शेजाऱ्यांना खिडकी लावून घ्यायला सांगून झालं. बाहेर अंधार पडला तसे ते खिळ्यावरच्या कुलपाखाली खुर्ची टाकून बसले. आता बॅच सुटली असेल. आता त्या दारात आल्या असतील. दांडा काही कोणाला विचारणार नाही, चावी हातात आहे का म्हणून. कॅमेरा बघेल सगळं, पण बोलणार काय तो?

"वाढू का?" काकूंनी विचारलं.

"वाढ," काका म्हणाले. आता कोणासाठी थांबायचं होतं?

ते पाटावर टेकले आणि फोन वाजला. एकदाच वाजला आणि बंद पडला. काकांचा हात घासावरच राहिला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, पुन्हा बंद. मग आणखी एक. मग आणखी.

काकू भांडं हातात घेऊन बघत राहिल्या. "अहो, नोकरी गेली ना तुमची? मग आता कशाला देतायत या?"

काकांनी ताट थोडं पुढे सरकवलं आणि फोन मांडीवर घेऊन बसले. एक यायचा राहिला होता. नेहमी राहायचा तोच. बराच वेळ गेला. काकूंनीही आपलं ताट वाढून घेतलं नाही.

शेवटी फोन वाजला, आणि हा बंद पडेना. काकांनी उचलला.

"काका, मी," डॉक्टरीण धापा टाकत म्हणाली. "दार उघडून आत आले, चपला काढल्या आणि आठवलं. आज माझं कुलूपही आणलं होतं बरं का मी. मागची सीटसुद्धा बघितली." मग जरा थांबून म्हणाली, "पोचले हो काका."

"बरं," काका म्हणाले. "दाराला आतून कडी घाला."

त्यांनी फोन खाली ठेवला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"पोचल्या सगळ्या," ते काकूंना म्हणाले. "तूही घे वाढून."