खारीशी मांडलेलं वैर

खारीचं कौतुक करणाऱ्या माणसांशी माझं फार काळ पटत नाही. हल्ली शहरात लोक गच्चीवर पाखरांसाठी दाणे ठेवतात आणि ते खारीनं पळवले की तिचे फोटो काढून आल्यागेल्याला दाखवतात. काय ते इवलेसे हात, काय ती शेपूट! मी मुकाट्यानं चहा संपवतो आणि निघतो. ते इवलेसे हात मीही पाहिलेत. त्यांनी आमच्या घरात काय केलं ते सांगितलं तर यजमानांचा चहा कडू होईल, म्हणून तिथं काही बोलत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही शेवगावच्या पलीकडे एका खेड्यात राहत होतो. आई, वडील आणि मी, तिघंच. मी शेजारच्या गावात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो, सायकलवरून जायचो-यायचो, आणि घरात अक्कल असलेला आपण एकटेच अशी माझी पक्की समजूत होती. वडिलांना मी आबा म्हणायचो. आबांची जमीन जिरायत. त्या वर्षी पेरलेली बाजरी वीतभर वर आली आणि करपली. विहिरीनं तळ दाखवला, बैल छावणीत गेले. रेशनवर तांबडी मिलो, अमेरिकेहून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही.

अशा घरात दोन ठिकाणी बाजरीची कणसं टांगलेली होती. एक स्वयंपाकघरात, चुलीच्या बरोबर वर. आधल्या साली काढणीच्या अगोदर आबांनी उभ्या पिकात हिंडून, एकेक कणीस हातात घेऊन निवडलेलं ते बियाणं. त्याच्या चार जुड्या धुरावर बांधलेल्या असायच्या. धुरानं कीड लागत नाही. हे बी आबांच्या आजोबांपासून घरात चालत आलेलं होतं. तालुक्याला सरकारी बी मिळायचं, पण आबा म्हणायचे, "ह्ये आपल्या मातीचं हाय. ह्याला पानी लई लागत न्हाई." एकदा रेशन आलं नाही तेव्हा आम्ही दोन दिवस उकडलेल्या तांदुळजाच्या भाजीवर काढले, पण आईनं त्या जुड्यांकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. पुढच्या मृगाला शेतात टाकायला आमच्याकडे तेवढंच होतं.

दुसरं ठिकाण ओसरीवर, वाशाला. चार-पाच बारकी, हलकी कणसं. पाखरांसाठी घरोघर अशी बांधतातच. आमच्याकडची संपली की आबा कणगीच्या तळाशी राखून ठेवलेल्यांतली आणखी दोन-तीन बांधायचे. मला ते बघून चीड यायची. माणसांनी मिलो गिळायची आणि चिमण्यांना घरची बाजरी! बरं, चिमण्यांच्या चोचीत पडली असती तरी मी गप्प बसलो असतो. पण अंगणातल्या लिंबावर एक खार होती. सकाळी मी दात घासायला ओसरीवर आलो की ही बया वाशावरून खाली डोकं करून उतरायची, मागच्या पायांनी वाशाला लटकायची आणि कणीस दोन्ही हातांत धरून सोलायला बसायची. निम्मे दाणे तोंडात, निम्मे जमिनीवर. खायची ती खायची, वर माझ्याकडे बघून ओरडायची. ज्याच्या घरचं खातो त्याच्यावरच डाफरणारे काही पुढारी मी पुढे पाहिले, पण त्यांनासुद्धा जरा लाज असते.

मी दगड उचलला की आई मधे पडायची. "मारू नगं बाबा. देवानं बोटं फिरवल्यात तिच्या पाठीवरनं."

मी म्हणायचो, "फिरवली असतील. त्या वेळी देवाची बाजरी कुणी खाल्ली नव्हती."

आबा एवढंच म्हणायचे, "असू दे. खातीय तितं, तर खाऊ दे." मला त्या भाबडेपणाची कीव यायची. या माणसाला खारसुद्धा फसवते, सावकार-दलालांचं काय बोला, असं मी मनात म्हणायचो.

मग मी शास्त्र वापरायचं ठरवलं. आधी सुतळी काढून कणसं बारीक तारेला टांगली. खार तारेवरून उतरली. तारेला सायकलच्या साखळीचं वंगण फासलं. पहिल्या दिवशी ती घसरून ओसरीवर आदळली आणि मी इतका मोठ्यानं हसलो की शेजारीण डोकावून गेली. दोन दिवसांत वंगणावर धूळ बसली आणि खारीला वर-खाली करायला आयतीच सोय झाली. मग डालड्याच्या डब्याचं झाकण भोक पाडून तारेत ओवलं, छत्रीसारखं. खार छत्रीच्या वाटेला गेलीच नाही. तिनं समोरच्या खुंटीवरून सरळ कणसांवर उडी घेतली. बाभळीचे काटे बांधले, तर चिमण्या यायच्या बंद झाल्या आणि खार काट्यांतून हात घालून निवांत खाऊ लागली. तोवर शाळेत सगळ्यांना ही गोष्ट कळली होती. हेडमास्तर रोज विचारायचे, "काय, आज कोण जिंकलं?" पोरांना त्रैराशिक शिकवणारा माणूस मी, आणि एक वीतभर जनावर मला रोज शिकवत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आई आणि आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. माघात ते रस्त्याचं काम पाथर्डीच्या बाजूला सरकलं. रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून आई आणि आबा तिकडेच पालात मुक्कामाला राहू लागले. जाताना आई म्हणाली, "सकाळ-सांच्याला चूल पेटवत जा. भाकरी नाय जमली तर नुसतं पानी ठिव, पन धूर हू दे." मी मान हलवली. ते नजरेआड होताच शेवगावहून नवा स्टोव्ह आणला. पगारी माणसानं फुंकणी घेऊन चुलीपुढे डोळे चोळत बसायचं, हे मला कमीपणाचं वाटत होतं. स्टोव्हवर चहा व्हायचा, भात व्हायचा. स्वयंपाकघर कसं स्वच्छ राहिलं होतं!

त्याच आठवड्यात मी खारीला हरवलं. अंगणाच्या मधोमध, लिंबापासून आणि भिंतींपासून लांब, एक खांब रोवला. खांबाला खालपासून छातीपर्यंत गुळगुळीत पत्रा गुंडाळला आणि वर आडव्या काठीला कणसं बांधली. खार आली. पत्र्यावर नखं घासून चारदा घसरली. कुंपणाच्या भिंतीवर बसून बराच वेळ शेपूट उडवत राहिली. मी पायरीवर बसून तिला नाही नाही ते बोललो. चोरटी म्हणालो, भिकारडी म्हणालो. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर मुद्दाम वाट वाकडी करून खांब बघायला आले आणि म्हणाले, "याला म्हणतात डोकं." चिमण्या सुखानं खात होत्या. खार अंगणात दिसेनाशी झाली. मला वाटलं, गेली दुसऱ्या कुणाच्या दारात.

पुढच्या बाजारच्या दिवशी आई आणि आबा घरी आले. आई आत चूल पेटवायला गेली आणि मी आबांना हाताला धरून खांबाजवळ नेलं. पत्रा दाखवला, काठी दाखवली, खार कशी आपटली ते दाखवलं. आबा खांबाकडे बघत होते, हसत नव्हते. त्यांनी विचारलं, "मंग ती आता खाती कुटं?"

मी म्हणालो, "कुठंही खाऊ दे."

एवढ्यात आतून आईची हाक आली. "अवं, जरा आत या."

तव्यावर बाजरीचा कोंडा पडला होता. आमचं घर धाब्याचं, आणि चुलीच्या वर छपराला धूर जाण्यासाठी भोक होतं. त्याला आम्ही सानं म्हणतो. धूर असला की त्या वाटेनं मुंगीसुद्धा आत येत नसे. पण आठ-दहा दिवस धूर नव्हता. आबांनी जुड्या खाली काढल्या. वरून दिसायला कणसं जागच्या जागी होती, हात लावला की मऊ. भिंतीकडच्या बाजूनं सगळी सोललेली. आबा जमिनीवर बसले आणि चारी जुड्यांतलं एकेक कणीस तळहातावर चोळून बघू लागले. ओंजळभर दाणे निघाले. आईनं पदर तोंडाला लावला.

आबांनी स्टोव्हकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाईरची कनसं म्या कुनासाठी बांधत हुतो?"

"चिमण्यांसाठी."

"चिमन्या अंगनात काय बी टिपत्यात. ती हिच्यासाठीच हुती. भाईर प्वाट भरलं, तर ती आत कशाला यील?"

"मग मला सांगायचं ना तसं!"

"सांगितलं हुतं, खाऊ दे म्हनून. मास्तरला आनि किती सांगायचं?"

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मीही चार शब्द बोललो असतो. आज इतक्या वर्षांनी सांगतो, खारीचा मला राग येतो तो येतोच, तिच्या इवल्याशा हातांसकट. पण त्या घरातलं सगळ्यात निर्बुद्ध जनावर ती नव्हती. ती भूक लागली म्हणून खात होती. मी नुसता जिंकायला बसलो होतो.

पुढच्या साली पाऊस झाला. छावणीतून हाडं निघालेले बैल परत आले. आबांनी तालुक्याहून सरकारी बी आणून सगळ्या शेताला पेरलं. बांधालगतचे दोन तास, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, तेवढे राखून ठेवले, घरच्या ओंजळभर बियाण्यासाठी. पेरणीला पाभरीच्या चाड्यात मुठीनं बी सोडायचं काम शाळेतून रजा काढून दरवर्षी मी करायचो. आबांना माझा हात पसंत होता, दाणा सारखा पडतो म्हणायचे. सरकारी बी मीच सोडलं होतं. त्या दोन तासांपाशी आल्यावर मी सवयीनं हात पुढे केला. आबांनी बियाण्याचं फडकं आईकडे दिलं.

"तू बैलांम्होरं चल," ते म्हणाले.

बैलांपुढे चालणं हे आमच्याकडे सहा-सात वर्षांच्या पोराचं काम. मी कासरा धरला आणि चालू लागलो.