धाकटीची पट्टी

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, विषाणू तपासणीची खोली होती आणि ती खोली म्हणजे ताई. घरी ती थोरली म्हणून ताई, आणि कामावरही तिच्याहून वयाने मोठी माणसं तिला ताईच म्हणत. सकाळी वॉर्डांतून नाकातल्या स्वॅबच्या नळ्या यायच्या, ताई त्या मशीनला लावायची आणि दुपार कलल्यावर निकाल हाती यायचे. कुणाला घरी सोडायचं, कुणाला वेगळं ठेवायचं, हे सगळं तोवर अडून राहायचं. मोठे डॉक्टर दारात येऊन अदबीने विचारायचे, झालं का? ताई मान वर न करता सांगायची, झालं की कळवते. हे म्हणायला तिला मनापासून आवडायचं.

शाळेत ताईचा नंबर पहिला असायचा, धाकट्या बहिणीचा कुठेतरी मधेच. तरी संशोधनात गेली ती धाकटी. खरं तर ती संधी आधी ताईला चालून आली होती. पण वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागायचं आणि शेवटी हाती काही लागेल की नाही याचा भरवसा नाही, हे तिला पटलं नव्हतं. तिने नोकरी धरली, लग्न केलं, संसार नीट केला. तिच्यावर कुणी अन्याय केला नव्हता. म्हणूनच धाकटीचं कौतुक झालं की मनात जे जळायचं, त्याचं खापर फोडायला तिच्याकडे कुणीच नव्हतं.

वडील दोन गल्ल्या सोडून राहायचे. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. आता डोळे अधू झाले होते आणि छातीही नाजूक होती. आई गेल्यापासून त्यांचं औषधपाणी, डॉक्टर, नखं कापणं, सगळं ताईच बघायची. ती रोज संध्याकाळी जायची, म्हणून तिच्या येण्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. धाकटी कधीमधी यायची, तेव्हा बाबा सकाळपासून दाढी करून बसायचे आणि शेजाऱ्यांनाही कळायचं की आज कोण येणार आहे.

धाकटीने एक पट्टी तयार केली होती. बोटाएवढी लांब, पातळ. तिच्या टोकावर डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक सोन्याच्या कणांचा थर, आणि त्या कणांवर विषाणूला नेमकं पकडणारे रेणू बसवलेले. पट्टी एका छोट्या यंत्रात खोचायची आणि टोकावर थुंकीचा थेंब सोडायचा. विषाणू असला तर तो तिथे चिकटतो, त्यामुळे पट्टीतून जाणारा अगदी क्षीण विजेचा प्रवाह बदलतो आणि चहा निवायच्या आत पडद्यावर उत्तर येतं. ही पट्टी खरी उतरते का, हे मोठ्या रुग्णालयात पडताळून बघायचं ठरलं. रुग्णालय निघालं ताईचंच. प्रत्येक माणसाची तपासणी दोन्ही तऱ्हेने व्हायची आणि ताईच्या मशीनचा निकाल प्रमाण मानायचा होता.

पहिल्या खेपेला पट्टी सपशेल पडली. दमट हवेत सोन्याचा थर सुटायचा आणि प्रवाह वाटेल तसा उड्या मारायचा. पडताळणीच्या बैठकीत ताईने हे फार गोड आवाजात सांगितलं. मुलीने मेहनत खूप घेतली आहे, पण अजून कच्चं आहे, असं ती म्हणाली. समोर बसलेल्या धाकटीचे कान लाल झाले. त्या दिवशी ताई घरी गेली तेव्हा नवऱ्याने विचारलं की आज एवढी खुशीत कशी. ताई म्हणाली, काही नाही, काम लवकर आटोपलं.

धाकटी पट्टी घेऊन परत गेली आणि काही महिन्यांनी नवी घेऊन आली. या वेळी थर धरून राहिला. उत्तरं मशीनशी जुळायला लागली. मोठे डॉक्टर आता ताईच्या दारात न थांबता धाकटीच्या टेबलाशी उभे राहायचे. एकदा त्यांनी ताईला भर व्हरांड्यात म्हटलं की तुमच्या घरात एवढी हुशारी आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. ताई हसली. आतून तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पट्टीचं उत्तर एखाद्या वेळी मशीनच्या उलट आलं की मात्र तिला बरं वाटायचं. अशा चुका ती डोळ्यांत तेल घालून शोधायची.

मग निरोगी माणसांचीही तपासणी करायची म्हणून कर्मचाऱ्यांना बोलावलं गेलं. ताईही थुंकीची कुपी देऊन आली. थोड्या वेळाने धाकटी तिच्या खोलीत आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"ताई, तुझी पट्टी पॉझिटिव्ह आली. दुसरी लावली, तीही तशीच आली. तू आज घरी जा. आणि बाबांकडे जाऊ नकोस."

ताईला ना ताप होता, ना घसा धरला होता. तिने स्वतःचा स्वॅब घेऊन मशीनला लावला. दुपारी निकाल आला, निगेटिव्ह. ताई तो कागद घेऊन सगळ्यांसमोर धाकटीच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली की तुझी पट्टी फारच भित्री आहे. दोघी-तिघी हसल्या. धाकटीने हळू आवाजात समजावलं की विषाणू कधी कधी आधी तोंडात सापडतो, नाकात नंतर, चार दिवस सांभाळ. ताईने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. धाकटी कागदाकडे बघत राहिली. तिलाही मनात शंका आलीच असावी. बाबांना फोनही तिने केला नाही.

संध्याकाळी ताई नेहमीसारखी बाबांकडे गेली. त्यांची नखं कापता कापता तिने हा सगळा किस्सा रंगवून सांगितला. बाबा हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "पण ती उगाच काही बोलायची नाही गं."

एवढंच. त्यात ताईला टोचेल असं बाबांच्या मनात काही नव्हतं. पण ताईच्या ते वर्मी लागलं. आयुष्यभर ज्याच्यासाठी ती खपली, तो माणूस तिच्या तोंडावर सांगत होता की खरं ते धाकटीचंच. ती लवकर निघणार होती, ती निघाली नाही. बाबांच्या शेजारी चिकटून बसली, त्यांना वाचून दाखवलं, एकाच ताटात जेवली. मनात एकच होतं, की बघू या आता कोण खरं ठरतं.

दोन दिवसांनी ताईला थंडी वाजून ताप भरला. तिच्याच मशीनने तिला पॉझिटिव्ह ठरवलं. त्या आठवड्यातच बाबांना दम लागला आणि त्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. ताईचा ताप ओसरला, तिला बाहेर पडायची मुभा मिळाली, तेव्हाही बाबा प्राणवायूच्या नळीवर होते.

बाहेरच्या बाकावर धाकटी बसली होती. ताई तिच्या शेजारी जाऊन बसली. अखेर ताईलाच राहवलं नाही. ती म्हणाली, "बोल ना काहीतरी. शिव्या दे हवं तर."

धाकटी म्हणाली, "बाबा बरे झाले की बोलेन. आत्ता सुरुवात केली तर थांबता यायचं नाही."

बाबा बरे झाले, पण पूर्वीसारखे नाही. एक जिना चढला की त्यांना टेकावं लागायचं. धाकटीने त्यांना आपल्या तळमजल्याच्या घरी नेलं. ताई पहिल्यांदा तिथे भेटायला गेली तेव्हा बाबा झोपले होते. स्वयंपाकघरात धाकटी भांडी विसळत होती. नळ बंद करून, हात पुसून, ती वळली.

"तुला मी चुकलेली हवी होते," ती म्हणाली. "बाबांपेक्षाही जास्त."

ताईने सबबी शोधल्या. मशीनचा निकाल होता, ताप नव्हता, सगळंच खरं होतं. मग ती म्हणाली, "हो."

धाकटीने मान हलवली. तिने आणखी काही विचारलं नाही, गळ्यातही पडली नाही. चहा मात्र टाकला.

पुढच्या बैठकीत ताई उभी राहिली आणि तिने कुणी न विचारता सांगितलं की पट्टीच्या चुकांमध्ये धरलेला एक निकाल चूक नव्हता, तो तिचा स्वतःचा होता, आणि मशीनच्या आधी पट्टीने तो पकडला होता. तो ऐकून मी घरी थांबले असते तर माझे वडील आजारी पडले नसते, असंही ती म्हणाली. तिचा आवाज गोड नव्हता.

ती पट्टी आता पुष्कळ दवाखान्यांत वापरतात. धाकटीचा सत्कार झाला तेव्हा ताई पहिल्या रांगेत बाबांचा हात धरून बसली होती. बाबांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ताईच्या मनात तेच जुनं जळत होतं. ते गेलं नाही. जाईल अशी आशाही तिने सोडली आहे.

धाकटी आता दुसऱ्या एका विषाणूसाठी पट्टी करते आहे. तिचा पहिला कच्चा नमुना ती सगळ्यांच्या आधी ताईकडे पाठवते. माझ्या चुका शोधायला तुझ्याइतकं मन लावणारं दुसरं कुणी नाही, असं तिने एकदा सरळ तोंडावर सांगितलं. ताईला राग आला, मग हसू आलं. ती चुका शोधते. एखादी सापडली की अजूनही तिला आतून गुदगुल्या होतात. फक्त आता ती बैठकीची वाट बघत नाही. हातमोजे काढते आणि लगेच धाकटीला फोन लावते.