अंबाड्याची जाळी

कपाट आवरताना आईची अंबाड्याची जाळी हाताला लागली आणि डोक्यात पुन्हा तीच तिडीक गेली. खंडाळ्याच्या एका बंगल्यात आई कामाला होती, तिथल्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरून तिचं उजवं कोपर मोडलं. ऑपरेशन करून तारा घातल्या, पण हात पूर्ण वाकेना. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, “घास तोंडापर्यंत जातो ना? मग झालं!” आई म्हणाली, “व्हय, जातोय की.” तो हात मानेमागे जात नव्हता, पण ते डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मला ठाऊकही नव्हतं. महिनाभर ती मोकळे केस पदराखाली झाकत राहिली. मग एका दुपारी लोणावळ्याला जाऊन कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापून आली. वडील म्हणाले, “आता कुटं निघाली मॅडम?” भाऊ-वहिनी हसले, मीही हसले. आई एवढंच म्हणाली, “माज्यानं अंबाडा बांदवत न्हाई. रोज कुनाला सांगायचं?” त्या डॉक्टरांच्या नावानं मी कितीतरी वर्षं दातओठ खाल्ले. पण घरात आम्ही चौघं होतो, आणि आमची आठही कोपरं शाबूत होती.