स्टेशनमास्तरांचे चिरंजीव

“स्टेशनमास्तरांचे चिरंजीव आणि ईएसएलची टेस्ट? अहो, ती सोमाली, मेक्सिकन लोकांसाठी असते. आपल्या लोकांना कसली टेस्ट? की तुम्हीसुद्धा कोट्यातून आलात?”

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, एका क्लबहाऊसमध्ये, मराठी मंडळाचे स्नेहभोजन चालले होते. हे वाक्य मंडळाच्या सचिवांनी जिलेबी मोडता मोडता म्हटले. वयाने माझ्याहून लहान, मोठ्या कंपनीत डायरेक्टर, कुणाच्याही मदतीला धावणारे गृहस्थ. टेबलाभोवतीचे सात-आठ जण हसले.

मीही हसलो. इतरांपेक्षा किंचित मोठ्याने.

मी कोट्यातूनच आलो होतो. आणि माझे वडील स्टेशनमास्तर नव्हते.

ते जंक्शनच्या यार्डात गाड्या धुवायचे. डब्यांतले संडास साफ करायचे. ते काम त्यांच्या आधी आजोबांनी केले होते, आणि आमच्या जातीला ते कुणी विचारून दिलेले नव्हते. आमचे आडनाव गावावरून पडलेले आहे. त्यातून नेमके काही कळत नाही, म्हणून लोक दुसरा प्रश्न विचारतात. तीस वर्षांपूर्वी पुण्यात भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा मालकीणबाईंनी विचारले, “वडील काय करतात?” मी म्हणालो, “रेल्वेत आहेत.” “रेल्वेत म्हणजे?” मी म्हणालो, “स्टेशनमास्तर.” खोली मिळाली. ती मी दोन वर्षांनी सोडली. स्टेशनमास्तर मात्र सोबत आले. लग्नात आले, नोकरीत आले, समुद्र ओलांडून इथवर आले.

तीन वर्षांपूर्वी पत्नीला इथल्या रुग्णालयात नर्सची नोकरी मिळाली आणि आम्ही आलो. भारतात मी ग्रामीण रुग्णालयात बावीस वर्षे रक्त-लघवी तपासली. इथे गोदामात खोकी भरतो. पुन्हा सूक्ष्मदर्शकासमोर बसायचे तर कॉलेजचा कोर्स हवा, आणि कोर्सच्या आधी ही ईएसएलची, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची, परीक्षा. इंग्रजीच्या कोणत्या पायरीवर बसवायचे, ते ती ठरवते.

सचिव हात पुसत म्हणाले, “मी पत्र देतो ना. तुमचं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालं म्हणून. टेस्ट वेव्ह होईल, द्यावीच लागणार नाही. एवढं काय त्यात?”

मी त्यांचे आभार मानले. दोनदा.

जेवताना माझी सोळा वर्षांची मुलगी शेजारीच होती. घरी परतताना गाडीत म्हणाली, “बाबा, व्हाय डिड यू लाफ?”

मी म्हणालो, “सगळे हसले म्हणून.”

“आजोबा वॉजंट अ स्टेशनमास्टर, राइट? आईने सांगितलंय मला.”

वळण अजून दूर होते. तरी मी इंडिकेटर दिला. त्याची टिकटिक आम्ही दोघे ऐकत राहिलो.

परीक्षेच्या दिवशी ते पत्र माझ्या खिशात होते. कॉलेजच्या टेबलामागच्या बाईंनी विचारले, सूट मिळण्यासाठी काही कागदपत्रे आहेत का? मी नाही म्हणालो. याला धैर्य म्हणू नये. मला पकडले जाण्याची भीती वाटली होती. विशीत खोटे बोलताना जीभ अडखळली नव्हती, पन्नाशीत हात खिशाकडे गेला नाही, एवढेच.

खोलीत दोन संगणकांच्या मध्ये राखाडी फळ्या होत्या. प्रत्येकाला एक खुर्ची, एक हेडफोन. शेजारी कोण बसले आहे ते दिसत नव्हते, फक्त त्याचे बूट दिसत होते. माझ्यासारखेच, गोदामातले, पुढून कडक. कुणी कुणाशी बोलत नव्हते. मला त्या शांततेत एक गोष्ट कळली, जी यापूर्वीच कळायला हवी होती. मंडळात चहूबाजूंनी मराठी ऐकू येते तेव्हाही मी असाच एका फळीच्या आड बसलेला असतो. तिथे ज्याला जिलेबी वाढतात, तो स्टेशनमास्तरांचा मुलगा असतो. मी नसतोच.

उतारे वाचून झाले. हेडफोनमधले संवाद निम्मे कळले. मग निबंध आला. तुमच्या कुटुंबातील एका व्यक्तीच्या कामाविषयी लिहा. वेळ तीस मिनिटे.

मी लिहिले, माझे वडील स्टेशनमास्तर होते.

पुढचे वाक्य सुचेना. स्टेशनमास्तर दिवसभर काय करतो, ते मला ठाऊक नव्हते. कधी त्याच्या खोलीत पाऊल टाकले नव्हते. मी पडद्यावरच्या त्या एकट्या वाक्याकडे बघत राहिलो. कोपऱ्यात मिनिटे कमी होत होती.

आणि वडील आठवले. ते शाळेत गेले नव्हते. पण मालगाडीच्या डब्यांवर रंगवलेली इंग्रजी अक्षरे त्यांनी एका कारकुनाला विचारून विचारून ओळखीची करून घेतली होती. दुपारी मी भाकरी घेऊन जाई. तेव्हा ते ओल्या ब्रशने फलाटाच्या फरशीवर एकेक अक्षर काढत. ऊन कडक असे, अक्षर लगेच उडून जाई. ते म्हणत, “वाळायच्या आत वाच.” मी वाचत असे. हायस्कुलात इंग्रजीच्या सरांनी मला वर्षभर एकदाही उभे करून धडा वाचायला लावला नाही. माझे इंग्रजी त्या फरशीवरचे आहे.

अशा माणसाला मी तीस वर्षे पुसत होतो. त्यांच्या हयातीतही. ते एकदा पुण्याच्या खोलीवर आले, तेव्हा मी त्यांना जिन्यातच सांगितले होते, “कामाचं काही बोलू नका.” ते तीन दिवस राहिले. मालकीणबाईंशी एक शब्द बोलले नाहीत. निघताना त्यांनी मला काही विचारले नाही.

मी वाक्य खोडले. लिहिले, माझे वडील रेल्वेचे संडास धुवायचे. त्यांनी मला इंग्रजी शिकवले. क्रियापदे चुकली असतील. वेळ संपेपर्यंत थांबलो नाही.

निकाल तिथेच कळला. खालून दुसरी पायरी. बाई सौम्यपणे म्हणाल्या, हवे तर पुन्हा परीक्षा देता येईल. मी म्हणालो, हीच पायरी बरोबर आहे.

गाडीत बसल्यावर मात्र मी स्वतःचे फार कौतुक करून घेतले नाही. इंग्रजीत खरे लिहिणे सोपे होते. वाचणाऱ्या बाईंना त्या वाक्यामागची जात दिसणार नव्हती. मराठीत ते वाक्य मी चारचौघांत एकदाही उच्चारलेले नव्हते.

त्याच आठवड्यात शनिवारी सचिवांच्या घरी जाऊन पत्र परत केले. दारातच म्हणालो, “माझे वडील स्टेशनमास्तर नव्हते. गाड्यांचे संडास धुवायचे. आणि मी कोट्यातून आलो.”

ते गोंधळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “अहो, असू दे. माझ्या मनात तसं काहीच नसतं. पण आता हे सगळ्यांना सांगत बसायची काय गरज?”

“मी सगळ्यांसमोर हसलो होतो.”

त्यांनी आत या म्हटले नाही. मीही थांबलो नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा स्नेहभोजन आहे. आमंत्रण येईल की नाही, ठाऊक नाही. न आले तरी मी जाणार आहे. वर्गणी भरलेला सभासद आहे. त्याच टेबलाशी बसेन. कुणीतरी नवे कुटुंब आलेले असेल, कुणीतरी आडनाव विचारेल, मग दुसरा प्रश्न विचारेल. मुलगी शेजारी असेल. मी उत्तर मराठीत देईन, पूर्ण वाक्यात, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्यानंतर टेबलावर जी शांतता पसरेल, ती मोडायला मी हसणार नाही.