घणताईने मोडलेला हात

गोदामात तिला सगळे घणताई म्हणत. दिवसभर हातात घण आणि समोर सौर पॅनलची चळत, मग दुसरं काय म्हणणार? काच फोडायची, अ‍ॅल्युमिनियमची चौकट उपटायची, तारा सोलून तांबं काढायचं. काचेच्या कपच्यांनी तोंडावर इतके वण उमटले होते की नवी माणसं तिच्याशी जपूनच बोलत. तिला त्याची गंमत वाटे.

हा धंदा फोफावला तो जगाच्या वेडेपणामुळे. देशोदेशी पॅनलचे कारखाने उभे राहिले, माल उदंड झाला आणि भाव दरवर्षी गडगडत गेले. मग वीज कंपन्यांनी चांगले धडधाकट पॅनल उपटायला सुरुवात केली. तेवढ्याच जमिनीवर दुप्पट वीज देणारे नवे बसवायचे, जुने ट्रकात कोंबून भंगारात धाडायचे. चालत्या वस्तूची अशी माती करायची आणि वर त्याला प्रगती म्हणायचं!

माल आला की मारामारीही आली. पलीकडच्या गोदामाचा मालक, ज्याला सगळे काटेवाला म्हणत, येणारे ट्रक वाटेतच अडवायचा आणि ड्रायव्हरांना बडवायचा. घणताईच्या मालकाचे पुढचे दात त्याच्याच माणसांनी पाडले होते. तेही ती विसरली असती. पण आई गेल्यावर ज्याला तिने स्वतः घास भरवून वाढवलं, तो धाकटा भाऊच काटेवाल्याच्या टोळीत जाऊन बसला. शिव्या दिल्या, थोबाडीत दिल्या, शेवटी पायाही पडली. तो ढिम्म. एखाद्या दिवशी कुणीतरी याला मारून टाकेल, या भीतीने तिला अन्न गोड लागेना.

मग एका भर दुपारी टोळी थेट फाटक तोडून आत आली. गजाच्या पहिल्याच फटक्याने हमालाचं डोकं फुटलं. मालक टपरीमागे लपला. घणताईने एकाच्या गुडघ्यावर घणाचा दांडा हाणला, तोच दुसऱ्याने तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. नाकातून रक्त ओघळू लागलं.

तेवढ्यात तिला धाकटा दिसला. आवाराच्या टोकाला निवडक पॅनलची रांग, गिऱ्हाइकाला चालवून दाखवता यावी म्हणून तारांनी जोडून, जुनी म्हणून विकायला ठेवली होती. ती कायम ताडपत्रीखाली असे. पॅनलला बंद करायचं बटण नसतं. भंगारात टाका नाहीतर उकिरड्यावर, ऊन पडलं की तो वीज देणारच. धाकट्याने ताडपत्री ओढून फेकली आणि कटर काढला.

"हात लावू नकोस," ती ओरडली. "जिवंत आहे ते."

त्याला वाटलं, ही माल वाचवायला बघतेय. हसत त्याने एक तार तोडली. काही झालं नाही. दुसरी तोडली. काही झालं नाही. मग ओढायला म्हणून दोन्ही उघडी टोकं त्याने दोन मुठींत धरली.

मुठी मिटल्या त्या उघडेनात. डोळे पांढरे झाले, कातडी जळल्याचा वास सुटला. त्याचे सोबती जागीच थिजले. घणताईने केस धरणाऱ्याच्या हाताला कडकडून चावा घेतला आणि ती धावली. धाकट्याला शिवावं तर तीही चिकटली असती. तिने घण उलटा धरला आणि लाकडी दांडा त्याच्या मनगटावर घातला. मूठ सुटली नाही. मग सगळी ताकद लावून पुन्हा घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, तार गळून पडली आणि तो मातीत कोसळला.

टोळीची पांगापांग झाली. धाकट्याने डोळे उघडले तेव्हा समोर घण घेतलेली बहीण होती.

"भंगारासाठी मारलंस मला," तो म्हणाला.

तिने समजावलं, दवाखान्यातही समजावलं. त्याने ऐकलं नाही. हात वाकडाच जुळला. आता तो दुसऱ्या गावी नवे, स्वस्त पॅनल विकतो आणि विचारेल त्याला सांगतो, की सख्ख्या बहिणीने भंगारापायी हात मोडला. हमालाने हे ऐकून आल्यावर घणताईला म्हटलं, जाऊन एकदा खरं काय ते सांग की लोकांना.

"सांगू दे त्याला," ती म्हणाली. "सांगायला आहे ना तो."