जंतांचं पाप

सुफान गावच्या कालव्याकाठच्या बाजारात सम्रुआय मावशी जिवंत मासे विकते. गिऱ्हाईकाने मरळीवर बोट ठेवलं की सोट्याचा एकच टोला, आणि मासा पिशवीत. मासा सगळ्या गावाला हवा, पण मारायचं पाप एकट्या मावशीचं.

"मावशी, पुढच्या जन्मी मरळ होशील हं!" असं म्हणणारेही घेतात तिच्याकडूनच.

"होईन की! पण तुझ्या कालवणात यायची नाही मेल्या!"

तोंडाने अशी फटकळ, पण मनातून भिते बिचारी. म्हणून तर रोज सकाळी भिक्खूंच्या पात्रात पहिला भात तिचा पडतो.

विहारात लमियत माई राहतात. पांढरी वस्त्रं, मुंडन केलेलं डोकं, मुंगी दिसली तरी वाट बदलणाऱ्या. त्यांच्या थोंगयिप नावाच्या मांजरीची हाडं वर आली होती आणि पोट मात्र टम्म. एके सकाळी ती ओकली, तर ओकारीत शेवयांसारखे जंत वळवळत होते. गुरांच्या डॉक्टरांनी वजन करून दोन गोळ्या दिल्या. एक लगेच द्यायची, दुसरी दोन आठवड्यांनी, कारण पोटात उरलेली जंतांची पिल्लं तोवर मोठी होतात. उशीर केलात तर मांजर हातची जाईल, असंही त्यांनी बजावलं.

दुपारी मावशी जेवणाचा डबा घेऊन गेली, तर माई गोळी हातात धरून बसलेल्या.

"अजून दिली नाहीत?"

"जंत मरतील गं. जीव मारणार नाही असं शील घेतलंय मी."

"आणि मांजर मेली म्हणजे?"

"तेच तर कळत नाही."

"आणा इकडे! मी एवढ्या मरळी मारल्या, बुडत्याचा पाय आणखी थोडा खोलात." मावशीने मांजर पंच्यात गुंडाळली, जबडा उघडून गोळी जिभेच्या मुळाशी टाकली आणि गिळेपर्यंत गळा चोळला. थोंगयिप गुरगुरली, पण जंत पडले. तिसऱ्या दिवशी ती भाताला तोंड लावू लागली.

मावशीला आनंद झाला, पण सोटा उचलताना हात जड वाटायला लागला. माईंनाही जे नको, ते आपण किती सहज अंगावर घेतलं, हे मनातून जाईना.

दोन आठवड्यांनी ती हात धुऊन दुसऱ्या गोळीसाठी गेली. माई पायरीवर बसल्या होत्या. थोंगयिप बाकाखाली रुसलेली, आणि माईंच्या मनगटावर लाल ओरखडे.

"दिली मी," माई म्हणाल्या.

"अहो, तुमचं शील?"

"मोडलं. पुन्हा घेईन. मांजर माझी, मग सगळं तुझ्याच डोक्यावर का? आत्ताच बोधिवृक्षाखाली पाणी सोडून माझं पुण्य वाहून आले. जंतांच्या नावाने, आणि तुझ्या मरळींच्याही."

जन्मभर लोकांनी मावशीकडून मासा नेला होता, पाप कुणी नेलं नव्हतं. उपकाराने तिचा ऊर भरून आला. तिने हात जोडून पायरीवर डोकं टेकलं. मग डोळे पुसत माईंचा हात ओढून नळाखाली धरला.

"मांजर धरता येत नाही," ती ओरडली, "आणि निघाल्या पाप करायला!"