मुंबईला न गेलेल्या फळ्या

या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाने पावसच्या बागेतला मांगर मोडायला काढला. आंबे ठेवायची, पेट्या भरायची आमची जुनी जागा ती. तिथे त्याला पाव्हण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या आहेत. त्याचा फोन आला, "ताई, ये बघू लगेच. तुझं काहीतरी सापडलंय." मी रत्नागिरीहून दुपारच्या एसटीने पोचले.

सापडल्या होत्या त्या फळ्या. आंब्याच्या पेटीच्या पातळ फळ्या, माळ्याच्या खालच्या अंगाला रांगेने ठोकलेल्या, आडवं झाल्याशिवाय नजरेला न येणाऱ्या, आणि त्यांच्यावर माझं तिसरी-चौथीतलं अक्षर. पेट्यांवर खूण मारायला काळा रंग असायचा, त्यात काडी बुडवून लिहिलेलं. "मुंबईचा समुद्र खारट आहे का? आमचा आहे." "आपण पिकलो हे आंब्याला कोण सांगतं?" "पेटी उघडणाऱ्या माणसा, तू पेंढ्याचा वास घेतोस की तसाच फेकून देतोस?"

आधी मला हसूच आलं. काय धीट पोरगी होती! जगात कोणाला तरी ठाऊक असणारच, या भरवशावर विचारत सुटलेली. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला. मग एकदम लक्षात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. या फळ्या इथे कशा? या तर मुंबईला गेल्या होत्या!

बाबा पेटी ठोकायला घ्यायच्या आधी मी फळीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवत असे. ट्रक गेला की दुसऱ्या दिवसापासून पोस्टमनची वाट बघायची. असे दोन-तीन उन्हाळे गेले. उत्तर काही आलं नाही. मुंबईची माणसं शिष्ट, असं मी ठरवून टाकलं आणि हळूहळू विचारायचंच सोडलं. पुढे सरकारी कचेरीत लागले. तिथे प्रश्न विचारत नाहीत, "खुलासा करावा" असं लिहितात. निवृत्त होईपर्यंत मी खुलासे मागवले आणि फायलीला लावले. त्यातल्या एकाही उत्तराची मी कधी वाट बघितली नाही.

आणि मुंबईचा काही दोषच नव्हता! माझं लिहिणं बाबांनी वाटेतच अडवलं होतं.

"बाबांनी फळ्या बदलल्या?" मी भावाला विचारलं.

"मला काय ठाऊक? मी तेव्हा शेंबडा. दलाल हसेल, असं वाटलं असेल त्यांना." मग माझं तोंड बघून तो घाईने म्हणाला, "पण ताई, बाबांची खाट या माळ्याखालीच असायची. दुपारी आडवे झाले की हेच वाचत असणार ते."

तो समजूत घालायला बोलला, पण आगीत तेल पडलं. वाचत होते? रोज? मग एकाचं तरी उत्तर द्यायला काय झालं होतं? मुलीचा जीव तिकडे फाटकाशी टांगलेला, आणि हे इथे खाटेवर पडून वाचतायत! बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, आता भांडायला तरी कोणाशी जायचं?

"एखादी पॉलिश करून खोलीत टांगू," भाऊ म्हणाला. "पाव्हण्यांना असलं गोड वाटतं."

"गोड? गोड नव्हतं रे ते! मला खरंच हवी होती माहिती."

तो कोपऱ्यातली शेवटची फळी उचकटायला लागला. ती हातात आल्यावर त्याने वाचली. "पाखरांसाठी झाडावर एकच आंबा ठेवतात. त्याला एकट्याला भीती वाटत नाही का?"

वाचून त्याने दाराबाहेर झाडांकडे बघितलं.

"काय झालं?"

"अगो, आपल्या बागेत दोन ठेवतात."

"दोन?"

"सगळीकडे शेंड्याला एक ठेवायची रीत. बाबांचं वेगळंच. दोन राहिलेच पाहिजेत. चुकून एकच राहिला तर गड्याला परत चढवून तोही काढायला लावायचे. गडी हसायचे मागे. का म्हणून विचारलं की म्हणायचे, असू दे. मीपण तसंच करत आलो."

मी बाहेर आले. बागेतले बहुतेक आंबे उतरवून झाले होते. आयुष्यभर या बागेचे आंबे खाल्ले, पण काढणी झालेल्या झाडाकडे मान वर करून कधी बघितलं नव्हतं. आता बघितलं. शेंड्याला दोन आंबे. पुढच्या झाडावर दोन. त्याच्या पुढच्यावरही दोन.

मला रडू आलं आणि रडता रडता पुन्हा संताप आला. दरवर्षी माणसं झाडावर चढवलीत, त्यांचं हसू सोसलंत, आणि घरातल्या पोरीला एक शब्द सांगवला नाही तुम्हाला? भाऊ मांगराच्या दारातून बघत होता, तरी मी झाडाखाली उभी राहून बाबांशी मोठमोठ्याने भांडले.